मापिंग्वारी : राक्षस, अस्वल की हरवलेला स्लॉथ?

बालदोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडे. उंची माणसापेक्षा जास्त. अंगभर तांबूस, राठ केस. हातांना कोयत्यासारख्या वाकड्या नख्या. मागच्या दोन पायांवर ताठ उभा राहतो. त्याने आरोळी ठोकली की जंगल थरारते. आणि वास? नाक धरून पळत सुटावे असा! ओळखा पाहू, कोण?

"अस्वल!" असं तुमच्यापैकी काही जण म्हणाले असतील. थांबा, कोडं अजून संपलेलं नाही. याला बाण टोचत नाही, बंदुकीची गोळी लागत नाही. याचे पाय उलटे, म्हणजे टाचा पुढे आणि बोटे मागे. कुणी म्हणते, याला एकच डोळा असतो. आणि तोंड? ते तर पोटावर असते!

पडलात ना बुचकळ्यात? या प्राण्याचे नाव आहे मापिंग्वारी. तो राहतो दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या वर्षावनात. म्हणजे निदान तिथली माणसे तसे सांगतात. ब्राझीलच्या रोंडोनिया राज्यातले कारितियाना आदिवासी, झाडांना खाचा पाडून रबराचा चीक गोळा करणारे कामगार, नदीकाठचे शिकारी, अशा कितीतरी लोकांकडे मापिंग्वारीच्या गोष्टी आहेत. काही जण तर छातीवर हात ठेवून सांगतात, "आम्ही पाहिलाय!"

पण जगातल्या एकाही प्राणिसंग्रहालयात मापिंग्वारी नाही. कुठल्या प्रयोगशाळेत त्याचे हाड नाही की कातडे नाही. मग ही सगळी थापच म्हणायची का? तसे म्हणणे अगदी सोपे आहे. पण ॲमेझॉनचे जंगल आहे सुमारे ५५ लाख चौरस किलोमीटर. आपला सगळा भारत त्यात मावून वर बरीच जागा उरेल! एवढ्या जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसे एकसारखेच काही सांगत असतील, तर ते नीट ऐकून तरी घ्यायला हवे. पोलीस जशी संशयितांची ओळखपरेड घेतात, तशी आपणही घेऊ या. कोणत्या खऱ्या प्राण्यावर मापिंग्वारीचे वर्णन बसते ते पाहू.

संशयित पहिला : हत्तीएवढा स्लॉथ

स्लॉथ तुम्ही चित्रात पाहिला असेल. झाडाच्या फांदीला उलटा लटकणारा, चेहऱ्यावर कायम हसू असल्यासारखा दिसणारा दक्षिण अमेरिकेतला आळशी प्राणी. वजन जेमतेम चार ते आठ किलो. तीन बोटांचा स्लॉथ तर शी करायलासुद्धा आठवड्यातून एकदाच झाडावरून खाली उतरतो!

पण या चिमुकल्या आळशोबाचे जुने नातेवाईक मात्र जबरदस्त होते. ते झाडावर लटकत नसत, जमिनीवर चालत. लटकणार तरी कसे? त्यांच्यातला मेगाथेरियम नाकापासून शेपटीपर्यंत सुमारे सहा मीटर लांब आणि वजनाला जवळजवळ हत्तीएवढा होता. मागच्या पायांवर उभा राहून तो झाडाच्या फांद्या नख्यांनी खाली ओढत असे. त्याचा सांगाडा अर्जेंटिनात लुहान नदीकाठी सापडला आणि जहाजातून स्पेनमध्ये माद्रिदला गेला. जॉर्ज क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७९६ साली त्या सांगाड्याची चित्रे अभ्यासली आणि जाहीर केले, की हा अवाढव्य प्राणी स्लॉथचाच भाऊबंद आहे. चार्ल्स डार्विन हे नाव तुम्ही ऐकले असेलच. त्यालाही १८३२ साली अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर अशाच एका स्लॉथचा जबडा सापडला. त्या जातीला पुढे डार्विनचेच नाव मिळाले, मायलोडॉन डार्विनी.

आता मापिंग्वारीचे वर्णन आठवा. उभे राहणे? जुळते. राठ केस? जुळतात. वाकड्या नख्या? जुळतात. या महास्लॉथांच्या नख्या इतक्या मोठ्या होत्या, की पाऊल सपाट टेकवता येत नसे. ते पावलाच्या बाहेरच्या कडेवर जोर देऊन चालत आणि बोटे आत वळलेली असत. असा ठसा पाहून "हा गेला कुठल्या दिशेला?" असा गोंधळ कुणाचाही उडेल.

आणि गोळी न लागण्याचे काय? इथे तर खरी गंमत आहे. मायलोडॉनच्या कातडीच्या आत हाडांचे छोटे छोटे खडे होते, शेंगदाण्याएवढे, एकाला एक लागून. म्हणजे अंगातच चिलखत! कातडीखाली असे चिलखत असल्यावर बाण आत घुसणार कसा?

गुहेतली 'ताजी' कातडी

हे खडे शास्त्रज्ञांना कसे कळले, तीही एक सुरस कथा आहे. दक्षिण अमेरिकेच्या पार दक्षिण टोकाला, चिली देशात, एक प्रचंड गुहा आहे. १८९५ साली हेरमान एबरहार्ड नावाच्या जर्मन वसाहतवाल्याला त्या गुहेत कातडीचा एक मोठा तुकडा मिळाला. त्यावर तांबूस केस होते आणि आत ते हाडांचे खडे. कातडी इतकी चांगली टिकलेली, की प्राणी अलीकडेच मेला असावा असे वाटे.

झाले! अर्जेंटिनाचे प्रसिद्ध शास्त्रज्ञ फ्लोरेंतिनो आमेगिनो यांनी १८९८ साली जाहीर करून टाकले, की महास्लॉथ अजून जिवंत आहे. रामोन लिस्ता नावाच्या प्रवाशाने असा एक प्राणी पाहिला होता, त्याच्यावर गोळ्या झाडल्या होत्या आणि गोळ्यांचा काहीच परिणाम झाला नव्हता, असेही त्यांनी सांगितले. लंडनच्या 'डेली एक्स्प्रेस' या वर्तमानपत्राने १९०० साली हेस्केथ प्रिचर्ड यांना या प्राण्याच्या शोधासाठी थेट पॅटागोनियात पाठवले. प्रिचर्ड कितीतरी महिने भटकले. त्यांना डोंगर दिसले, सरोवरे दिसली. स्लॉथ मात्र दिसला नाही.

पुढे विसाव्या शतकात कार्बन डेटिंगची पद्धत निघाली. प्रत्येक सजीवाच्या शरीरात किरणोत्सारी कार्बन अगदी थोडासा असतो. सजीव मेला की तो ठराविक वेगाने कमी होत जातो. किती उरला ते मोजले की मरून किती वर्षे झाली ते कळते. गुहेतली कातडी आणि वाळलेली शेण यांची अशी परीक्षा झाली, तेव्हा उत्तर आले : दहा हजार वर्षांहून जुनी! गुहेतल्या थंड, कोरड्या हवेने ती कातडी सांभाळून ठेवली होती. ताजे दिसते म्हणून ताजे असतेच असे नाही, बरं का!

ओरेनसाहेबांचा अंदाज

मग हा विषय तिथेच संपायला हवा होता. पण ब्राझीलमध्ये बेलें शहरात गोएल्दी संग्रहालय आहे. तिथे डेव्हिड ओरेन नावाचे पक्षिशास्त्रज्ञ काम करत होते. पक्ष्यांच्या शोधात ते ॲमेझॉनमध्ये फिरत आणि शिकाऱ्यांकडून मापिंग्वारीच्या गोष्टी ऐकत. त्यांच्या मनात आले, हे वर्णन तर महास्लॉथाचेच दिसते! १९९३ साली त्यांनी एक लेख लिहून सरळ प्रश्न विचारला : ॲमेझॉनमध्ये जमिनीवरचे स्लॉथ अगदी अलीकडच्या काळापर्यंत टिकून राहिले असतील का?

शहाण्यासुरत्या शास्त्रज्ञाने असा प्रश्न विचारायला धैर्य लागते. लोक हसतात ना! ओरेन नुसता प्रश्न विचारून थांबले नाहीत. त्यांनी कितीतरी जणांच्या मुलाखती घेतल्या, जंगलात मोहिमा काढल्या. पण महास्लॉथ जिवंत आहे हे सिद्ध करणारे केस, हाड किंवा छायाचित्र काही हाती लागले नाही.

आणि एक मोठी अडचण आहे. तुम्हीच विचार करा. एकटा प्राणी हजारो वर्षे जगू शकत नाही. त्याला जोडीदार हवा, पिल्ले हवीत, पिल्लांना पुढे पिल्ले हवीत. म्हणजे आज एक मापिंग्वारी असेल, तर शेकडो असायला हवेत. ते खाणार, शेण टाकणार, म्हातारे होऊन मरणार. मग एखादी तरी ताजी कवटी सापडायला नको का? दमट वर्षावनात हाडे लवकर कुजून जातात हे खरे. पण आता जंगलात जागोजागी कॅमेरा ट्रॅप लावतात. समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो निघतो. जग्वार, टॅपिर, मुंगीखाऊ, सगळ्यांचे फोटो निघाले. मापिंग्वारीचा एकही नाही.

संशयित दुसरा, तिसरा आणि चौथा

आता जिवंत संशयितांना बोलावू या.

*मोठा मुंगीखाऊ.* हा स्लॉथचाच जवळचा नातेवाईक. लांब नळीसारखे तोंड, झुपकेदार शेपूट आणि वारुळे फोडण्यासाठी दहा सेंटिमीटरपर्यंतच्या नख्या. चालताना या नख्या बोथट होऊ नयेत म्हणून तो त्या आत दुमडतो आणि बोटांच्या सांध्यांवर चालतो. त्यामुळे त्याचा ठसा विचित्र उमटतो. संकट आले की मागच्या पायांवर उभा राहून दोन्ही हात पसरतो, जणू काही मिठीच मारायला! पण त्या मिठीत जाऊ नका. ब्राझीलमध्ये या नख्यांनी दोन शिकाऱ्यांचे प्राण गेल्याची नोंद २०१४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे. त्याचा धाकटा भाऊ तामांडुआ तर असा घाणेरडा वास सोडतो, की दुरूनही कळावे. मात्र मुंगीखाऊचा रंग तांबडा नसतो, आणि शिकारी त्याला चांगले ओळखतात.

*चष्मेवाले अस्वल.* दक्षिण अमेरिकेतले एकुलते एक अस्वल. डोळ्यांभोवती फिकट वर्तुळे, म्हणून हे नाव. उभे राहते आणि झाडावरही चढते. पण त्याचे घर अँडीज पर्वतात. मापिंग्वारीच्या बऱ्याच गोष्टी येतात त्या शेकडो किलोमीटर दूरच्या सपाट जंगलातून.

*हाऊलर माकड.* याच्या काही जातींचे केस तांब्यासारखे लालसर असतात. घशात एक पोकळ हाड असते, त्यामुळे आवाज असा घुमतो की तीन किलोमीटरवर ऐकू जातो. पहाटेच्या काळोखात ही गर्जना प्रथमच ऐकणाऱ्याला ती माकडाची आहे असे सांगूनही पटत नाही. आवाजाचे कोडे सुटले, पण उंचीचे? हे माकड तर तुमच्या गुडघ्याच्या वर थोडेसेच येईल.

आणखी एक चिल्लर संशयित म्हणजे *पेकारी*, म्हणजे तिथली रानडुकरासारखी दिसणारी जनावरे. पाठीवर गंधग्रंथी असते. शंभर-दोनशेंचा कळप गेला की वास मागे रेंगाळतो.

काय दिसले? प्रत्येक जण थोडा थोडा जुळतो, पूर्ण कुणीच जुळत नाही. नख्या एकाच्या, आवाज दुसऱ्याचा, वास तिसऱ्याचा. संध्याकाळची वेळ, दाट झाडी, छाती धडधडते आहे, अशा वेळी हे तिन्ही एकत्र आले तर? भिंतीवरच्या शर्टाचा रात्री माणूस होतो, तसेच!

नावावर जाऊ नका

ओळखण्यात असा घोटाळा फक्त घाबरलेल्या माणसाचाच होतो असे समजू नका. आपल्या मेळघाटात आणि ताडोबात दिसणारे काळे अस्वल घ्या. इंग्रजीत त्याला 'स्लॉथ बेअर' म्हणतात. का बरे? जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने १७९१ साली त्याच्या लांब नख्या पाहिल्या, वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात नाहीत हेही पाहिले, आणि ठरवले की हा स्लॉथच! हे तर सरळसरळ अस्वल आहे हे नंतर लक्षात आले. पण नाव चिकटले ते चिकटलेच.

काही वेळा तर मुद्दाम फसवतात. फ्रँस्वा द लॉइस या स्विस भूगर्भशास्त्रज्ञाने व्हेनेझुएलाच्या जंगलात काढलेला एक फोटो १९२९ साली प्रसिद्ध झाला. दक्षिण अमेरिकेत सापडलेला मोठा वानर म्हणून तो गाजला. खरे तर ते होते एक साधे स्पायडर माकड. खोक्यावर बसवून हनुवटीखाली काठीचा टेकू दिलेले. शेपूट फोटोत येणार नाही याचीही काळजी घेतलेली!

उलटे पाय कुणाचे?

आता उरले उलटे पाय, पोटावरचे तोंड आणि एक डोळा. यासाठी प्राणी शोधायलाच हवा का? तुमच्या आजीला विचारा, हडळ कशी ओळखायची? ती लगेच सांगेल, "पाय उलटे असतात बाई तिचे!" ब्राझीलमध्येही कुरुपिरा नावाचा वनरक्षक आहे, अर्थात गोष्टीतला. त्याचेही पाय उलटे. हावरट शिकाऱ्यांना तो उलट्या पावलांनी चकवतो, म्हणजे जंगलातली जनावरे वाचतात. आणि छातीवर तोंड असलेली माणसे? इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅले याने १५९६ साली छापलेल्या पुस्तकात दक्षिण अमेरिकेतल्या अशा लोकांविषयी ऐकलेली माहिती लिहून ठेवली होती.

म्हणजे कानगोष्टींचा खेळ खेळताना जसे होते, तसेच इथे झाले असणार. गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना तिला दुसऱ्या गोष्टींचे तुकडे चिकटत गेले. शास्त्रज्ञाने हे तुकडे वेगळे काढायचे आणि मग काय उरते ते पाहायचे.

की ही आठवण आहे?

आणि जे उरते ते फार रंगतदार आहे. कारण माणूस आणि महास्लॉथ यांची गाठभेट खरोखरच झाली होती!

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये व्हाइट सँड्स नावाचा पांढऱ्या वाळूचा प्रदेश आहे. तिथे हिमयुगातले पावलांचे ठसे मिळाले. २०१८ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. महास्लॉथाच्या ठशात माणसाचे ठसे आहेत, म्हणजे कुणीतरी त्याच्या पावलावर पाऊल टाकून पाठलाग करत होते. आणि स्लॉथ मध्येच थांबून, मागच्या पायांवर उभा राहून वळल्याच्या खुणाही आहेत. ब्राझीलमध्ये सांता एलिना या ठिकाणी तर सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीच्या थरांत महास्लॉथाच्या कातडीतले ते हाडाचे खडे मिळाले. माणसाने घासून, भोक पाडून, गळ्यात घालण्याजोगे बनवलेले! त्यावरचा अभ्यास २०२३ साली छापून आला.

कारितियाना लोकांच्या रोंडोनिया राज्यात भूगर्भशास्त्रज्ञांना एक मोठे बीळ सापडले आहे. त्याच्या सगळ्या फाट्यांची लांबी मिळून सुमारे ६०० मीटर. भिंतींवर नख्यांचे ओरखडे. ते महास्लॉथांनी खोदले असावे असे मानतात. अशा अंधाऱ्या बिळात चूड घेऊन शिरलेल्या माणसाला भिंतीवर ते ओरखडे दिसले, तर त्याने घरी येऊन कसली गोष्ट सांगितली असती?

मुख्य भूमीवरचे महास्लॉथ सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी संपले. क्यूबा आणि जवळच्या बेटांवर मात्र त्यांचे छोटे नातेवाईक सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीपर्यंत होते. म्हणजे मोहेंजोदडोच्या रस्त्यांवर वर्दळ होती, तेव्हा तिकडे जमिनीवरचे स्लॉथ चालत होते! मापिंग्वारी ही त्या काळाची आजोबांकडून नातवाकडे येत राहिलेली आठवण असेल का? काही अभ्यासकांना तसे वाटते. इतकी हजार वर्षे आठवण टिकणार नाही, असे इतरांचे म्हणणे आहे.

आठवणींचा माग काढणेही सोपे नसते, बरं का. १९९७ साली ग्लेन शेपर्ड हे अभ्यासक पेरू देशातल्या माचिगेंगा आदिवासींकडे जनावरांची माहिती गोळा करत होते. तिथेही स्लॉथासारख्या एका भीतिदायक प्राण्याचे नाव निघाले. एक जण सहज म्हणाला, "तो ना, मी लिमाच्या संग्रहालयात पाहिलाय!" आणि खरोखरच लिमाच्या संग्रहालयात महास्लॉथाची प्रतिकृती आहे. आता सांगा, त्याने जंगलातला प्राणी संग्रहालयात ओळखला, की संग्रहालयातली प्रतिकृती जंगलातल्या गोष्टीत शिरली?

हसण्याआधी थोडे थांबा

"मग नाहीच ना मापिंग्वारी!" असं म्हणून पान उलटू नका. दक्षिण अमेरिकेतच, चाको नावाच्या काटेरी रानात, एक गंमत घडली. तिथल्या एका जातीच्या पेकारीचे जीवाश्म १९३० साली शास्त्रज्ञांनी वर्णन करून ठेवले आणि ती नामशेष झाली असे मानले. स्थानिक लोक मात्र 'तागुआ' नावाच्या जनावराविषयी सांगत. शेवटी राल्फ वेट्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली जगाला कळवले, की तो पेकारी पाराग्वेमध्ये चांगला जिवंत आहे! आपल्याकडेही ११३ वर्षे कुणा पक्षिशास्त्रज्ञाला खात्रीने न दिसलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा दिसला.

फरक काय, ते लक्षात घ्या. तागुआची कातडी मिळाली, कवट्या मिळाल्या. रानपिंगळ्याचे फोटो मिळाले. मापिंग्वारीची मिळाली ती फक्त गोष्ट. म्हणून आजचे उत्तर असे : जिवंत महास्लॉथ असण्याची शक्यता फारच थोडी. जंगलातले खरे प्राणी, खरे आवाज, जुनी बिळे आणि जुन्या कथा यांची मिळून झालेली गोष्ट असण्याची शक्यता बरीच जास्त.

पण या ओळखपरेडीत आपण ज्यांना उभे केले, त्यांचे काय? मोठ्या मुंगीखाऊची गणना आज धोक्यात आलेल्या प्राण्यांत होते. वणव्यांत तो होरपळतो, रस्त्यांवर गाड्यांखाली येतो. ॲमेझॉनचे सुमारे १७ टक्के जंगल आतापर्यंत तोडले गेले आहे, आणि रोंडोनिया हे सर्वांत जास्त जंगलतोड झालेल्या राज्यांपैकी एक आहे. कारितियाना लोक आहेत अवघे काही शे. जंगल गेले तर मापिंग्वारी खरा की खोटा हे कळायचेच नाही. कारण शोधायला रान उरणार नाही आणि सांगायला माणूस उरणार नाही.

तुम्हीच व्हा संशोधक!

तुमच्या गावातही एखाद्या अजब जनावराची गोष्ट असेलच. आजी-आजोबांना, गुराख्यांना, वनरक्षकांना विचारा. वहीच्या पानाचे चार रकाने करा.

१) काय ऐकले? सांगणाऱ्याचेच शब्द लिहा, आपले घालू नका.
२) त्यांनी स्वतः पाहिले की दुसऱ्याकडून ऐकले?
३) कोणत्या खऱ्या प्राण्याशी काय जुळते आणि काय जुळत नाही? न जुळणारे लपवू नका.
४) पुरावा कोणता? ठसा, पीस, केस, फोटो की नुसती गोष्ट?

आणि हो, सांगणाऱ्याला हसायचे नाही. तुम्ही हसलात की तो गप्प बसेल, आणि पुढचा तागुआ तुम्हाला कुणी सांगणारच नाही!